साखर माझ्या नावावर

मी गाव सोडलं त्या दिवशी फाट्यावर आम्ही तिघं एसटीची वाट बघत उभे होतो. मी, आई आणि माझा धाकटा भाऊ दत्ता. माझं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा वसईला कामावर परत गेला होता आणि मला मागून एकटीनं जायचं होतं. आईनं माझ्या हातात एक फडकं दिलं. त्यात भाकरी, ठेचा आणि एक कांदा. मग पदराआडून छोटा डबा काढला, त्यातला शेंगदाण्या-गुळाचा लाडू उचलला आणि दत्ताच्या तोंडात घातला. दिवसभराचा प्रवास मला करायचा होता. दत्ता फक्त माझी पिशवी उचलून फाट्यापर्यंत आला होता. मी डब्याकडे बघत राहिले तशी आई म्हणाली, "तुझ्या अंगाला लागतं गं बाई. त्याच्या न्हाय लागत."

तेवढ्यात एसटी आली. मी खिडकीत बसले, आई रडली, मीही रडले. गाडी हलता हलता आमची धुरपाकाकू रस्त्यापलीकडून ओरडली, "मंगल, तिकडं जाऊन आणखी फुगू नगंस!" माण तालुक्यातल्या माझ्या गावानं मला दिलेला निरोप हा असा होता.

हे लिहितेय ते तुमच्यासाठी. गावात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे जे पुढे नालासोपारा, वसई, विरारच्या वन रूम किचनमध्ये येऊन रुजले त्यांच्यासाठीही. जत्रेला भेटलो की तुम्ही आधी माझ्या कमरेकडे बघता आणि मग चेहऱ्याकडे. तेव्हा मीही कमरेपासूनच सुरुवात करते.

आमच्याकडे मधुमेह असा शब्द कुणी वापरत नाही. साखर म्हणतात. बाबांना साखर होती. बाबा उंच, रुंद, दारातून आत आले की खोली भरायची. त्यांच्या पायाला बाभळीचा काटा लागला, जखम भरेना, आधी बोट गेलं, मग पाऊल गेलं, आणि मी बारावीला असताना बाबाच गेले. त्यांच्या तेराव्याला आलेल्या बायका जेवता जेवता माझ्या अंगाकडे बघत होत्या. "थोरली बापाच्या वळणावर गेलीया. हिला होनार बगा." दत्ता आईच्या वळणाचा. काटक, गालफडं बसलेली, मनगट माझ्या अंगठ्यात आणि बोटात मावेल असं. त्यामुळे त्याला काही होणार नाही हेही त्याच पंगतीत ठरलं. बाबांच्या मागे वाटण्या झाल्या त्या अशा : जमीन दत्ताच्या नावावर आणि साखर माझ्या. तलाठ्याकडे फक्त पहिली नोंद आहे.

दत्ताच्या बारीकपणाचं आमच्या घरात कोण कौतुक! तान्हा असताना तो सारखा आजारी असायचा. आईनं भैरोबाला नवस बोलला, पोर वाचलं तर गुळानं तोलीन. पोर वाचलं. जत्रेला देवळापुढच्या लिंबाला तागडी टांगली, एका पारड्यात दत्ता, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी. गूळ गावात वाटला आणि उरलेला घरी आणला. नवस एकदाच फेडायचा असतो, पण आईचा जीव भागेना. पुढची कितीतरी वर्षं ती दर जत्रेला त्याला तोलत राहिली. ढेप थोडी जास्त लागली की घरात सण. आमच्याकडे देवापुढे मोठ्यानं बोललेला नवस परत घेता येत नाही आणि दुसऱ्या कुणाला मोडताही येत नाही, एवढं इथेच सांगून ठेवते.

एका वर्षी दत्ता उतरल्यावर मी हौसेनं त्या पारड्यात जाऊन बसले. मला वाटलं, मलाही तोलतील. काका म्हणाले, "उतर गं, गावात एवढा गूळ न्हाय." सगळी जत्रा हसली. बाबांनी मला उचलून खाली घेतलं आणि खांद्यावर बसवलं. बाबा हसले नव्हते. माझ्या लहानपणातली मला सगळ्यात लख्ख आठवणारी गोष्ट ही आहे आणि ती विसरायची माझी मुळीच इच्छा नाही.

वसईत आले तेव्हा वसई पूर्वेला बिल्डिंगा होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की हंडे घेऊन जिने चढायचे. तो व्यायाम धरला तर तेव्हा मी बरीच तब्येत राखून होते. मग पाणी आलं, लिफ्ट आली, आणि मला वालीवला एका प्लास्टिकच्या कंपनीत नोकरी लागली. आधी पॅकिंगला उभी राहायचे, पुढे डिस्पॅचच्या टेबलावर बसायला लागले. सकाळी चहा-खारी, कंपनीत पोचल्यावर चहा, दुपारी डब्यात भात, चारला गेटवरचा वडापाव, घरी येऊन पुन्हा चहा. भाकरी थापायला वेळ कुणाला आहे, आणि ज्वारीचं पीठ मिळालं तरी ते विरी गेलेलं, थापताना तुटणारं. भात पटकन होतो. पाव तर सायकलवरून दारात येतो. शिवाय खरं सांगायचं तर पांढरा भात आणि ब्रेड-बटर खाणं म्हणजे आपण सुधारलो असंही वाटायचं. भाकरी तर गावाकडे खाल्लीच होती की जन्मभर.

माझं वजन वाढलं. जत्रेला गेले की तुम्ही म्हणायचात, मुंबईचा पाव अंगावर आला. आम्ही वसईला राहतो हे तुम्हाला कितीदा सांगितलं, पण तुमच्या लेखी बोरिवलीच्या पुढचंही सगळं मुंबईच. असो. मी तुम्हाला एकच विचारते. तुम्ही स्वतः काय खात होता तेव्हा?

कारण मला दर वर्षी दिसत होतं. कालव्याचं पाणी आलं, ज्वारीच्या रानात ऊस आला. भाकरी ही गड्यांसाठी, घरच्यांना चपाती, पाहुण्यांना भात. चहाबरोबर क्रीमची बिस्किटं. पूर्वी दत्ता रानात चालत जायचा, वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन यायचा. आता बांधापर्यंत मोटरसायकल आणि उरलेला दिवस फाट्यावर काढलेल्या खताच्या दुकानात खुर्चीवर. येईल त्या गिऱ्हाईकाबरोबर गोड चहा, कारण चहा नको म्हणणं म्हणजे माणसाचा अपमान. मी गाव सोडून वसईला गेले. दत्ता गावातल्या गावात राहून माझ्याइतकाच लांब गेला होता, पण त्याला निरोप द्यायला फाट्यावर कुणी उभं राहिलं नाही. आणि तो बारीक होता, त्यामुळे कुणाच्या डोळ्यावर काही आलंही नाही.

कंपनीत एकदा तपासणी ठेवली होती. सगळ्यांचं रक्त घेतलं. मी अगदी शांतपणे हात पुढे केला. निकाल माझ्या बाबांच्या तेराव्यालाच लागला होता, आता फक्त शिक्का मारायचा, असं माझं चाललं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला स्पष्ट. म्हणाल्या, "साखर झालेली नाही. काठावर आहात. इथून मागे फिरता येतं."

मी म्हटलं, "पण आमच्या रक्तातच आहे ना? मी वडिलांवर गेलेय."

"चेहरा वडिलांचा म्हणून आजारही तुम्हीच घ्यायचा असं कुणी सांगितलं? रक्तातून येतो तो धोका. तो कुणाच्या वाट्याला किती आलाय, ते नाक-डोळे बघून कळत नाही. पुढे त्या धोक्याचं काय होतं ते बऱ्यापैकी तुमच्या खाण्यावर, चालण्यावर, पोटाच्या घेरावर ठरतं. पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी." मग त्यांनी विचारलं, "भाऊ-बहीण आहेत? त्यांची तपासणी झालीय?"

"भाऊ आहे. पण तो बारीक आहे."

"मी वजन नाही विचारलं," बाई म्हणाल्या. "बारीक माणसांनाही होतो. आपल्याकडे तर खूप जणांना. त्यांचं उशिरा कळतं, कारण घरात कुणाला शंकाच येत नाही."

मी टेबलावर परत येऊन बसले ती नुसती बसूनच राहिले. मला राग आला होता. इतक्या वर्षांचा आणि इतक्या माणसांवरचा, की आधी कुणावर काढावा तेच कळेना. माझ्या शेजारच्या टेबलावर फिलोमिना बसते. वसई गावातल्या होळी भागातली, घरची वाडी आहे त्यांची, केळी आणि भाजीची. तिला सांगितलं तर ती हसली. "आमच्या पप्पांना पन हाय की. आणि माझा भाऊ कॅनडाला गेला, त्याला तिकडे जाऊन निघाली. वाडी इकडे राहिली आणि साखर तिकडे पोचली." दुसऱ्या दिवशी तिनं मला पिशवी भरून माठ, मुळा आणि वालाच्या शेंगा आणून दिल्या, आणि संध्याकाळी रिक्षात न बसता मला वालीव नाक्यावरून चालत नेलं. तेव्हापासून आम्ही चालतोच.

घरात मी ज्वारी आणून गिरणीतून दळून घ्यायला लागले. भाकरी म्हणजे औषध नव्हे, तीही पोटभर हाणली तर साखर वाढवते, हे बाईंनी मला बजावलं होतं. पण डब्यात भाताचा डोंगर होता तिथे आता एक भाकरी, बरीचशी पालेभाजी आणि उसळ असते. चहा बिनसाखरेचा. पहिल्यांदा तो काढ्यासारखा लागला. पुढच्या तपासणीत मी काठावरून मागे आले होते. आणि हे मुद्दाम स्पष्ट लिहिते : मी अजूनही जाड आहे. थोडी उतरले, पण बारीक झाले नाही आणि बहुतेक होणारही नाही. माझी हाडं बाबांची आहेत, ती मी कुठे ठेवू? मला ती आवडतातही.

दत्ताला फोन केला. रक्त तपास म्हटलं. "मला काय धाड भरलीय? माझ्या अंगावर मांस तरी हाय का?" आईनं फोन ओढून घेतला. "भावाला दृष्ट लावतीस व्हय गं? तुझं तू बग." मग तिनंच सांगितलं की दत्ता हल्ली फार वाळलाय. पाणी सारखं पितो, उन्हाळा आहे म्हणून असेल. पायाला खिळा लागलाय तो बरा होईना, दुकानात धूळ असते ना. म्हणून ती त्याला रोज गूळ-तूप आणि लाडू घालतेय, अंगात भर यावी म्हणून. "आनि तुझ्या समाधानासाठी सांगते, साखर मी बंदच केलीया त्येची. समदं गुळातलं देते."

मला फोनवर रडू फुटलं. वाळणं, तहान, न भरणारी जखम, हे सगळं आम्ही दोघींनी बाबांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलं होतं. पण बाबा जाड होते, म्हणून आईला त्यात बाबा दिसत नव्हते. ती सांगतच होती, "औंदा जत्रेला पुन्हा तोलनार हाय मी त्याला. गुळानं. भैरोबानं एकदा वाचवला, पुन्हा वाचवील."

मी जत्रेला गेले. देवळापुढच्या लिंबाला तागडी टांगलेली होती आणि ढेपी रचून ठेवल्या होत्या. दत्ता आला, लंगडत, पायाला फडकं गुंडाळलेलं. त्या फडक्याचा वास मला लांबूनच ओळखू आला. दत्ता पारड्याकडे निघाला आणि मी मध्ये जाऊन उभी राहिले. आई म्हणाली, "सरक बाजूला, मुहूर्त जातुया." काका आता म्हातारे झालेत, तरी ते म्हणाले, "ह्या बयेला अजून हौस हाय वाटतं तोलायची." लोक हसले. त्या हसण्यानंच मला सुचलं, असं म्हणायला हरकत नाही.

मी देवळाकडे तोंड केलं आणि गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले, "भैरोबा, माझ्या भावाचं रक्त तपासून उपचार झाल्याबिगर त्याला गुळानं तोलायचा न्हाय. तो बरा होऊन दोन्ही पायांवर चालत तुझ्या दारात आला, तर मी ह्याच पारड्यात बसून माझ्या वजनाएवढी ज्वारी तुला वाहीन. समद्या गावाम्होरं."

आई माझ्याकडे अशी बघत होती की आता ती मारणार. गुरव तागडीची दोरी धरून उभा होता. त्यानं एकदा आईकडे बघितलं, एकदा देवाकडे, आणि दोरी सोडली. "नवस बोलला गेला. आता मला गूळ लावता यायचा न्हाय," तो म्हणाला.

दत्ता मला शिव्या घालत तालुक्याला आला, पण आला. देवाला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. रक्ताचा आकडा बघून तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा एकदा रक्त घेतलं, मशीन चुकलं असेल म्हणून. मशीन चुकलं नव्हतं. जखम बाबांची जिथे सुरू झाली होती तिथेच, त्याच बोटापाशी होती. मी दत्ताला आणि आईला घेऊन वसईला आले.

पावसाळाभर दोघं आमच्याकडे होते. जखम साफ करणं, इन्शुलिन, पुन्हा तपासणी, पुन्हा जखम साफ करणं. बोट वाचलं. त्या काळात आई सगळ्यात जास्त भांडली ती गुळावरून. गूळ रक्तात गेल्यावर साखरच होतो, हे तिला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. घरी आल्यावर ओट्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "म्हंजी मीच घातलं त्येला?" मी म्हटलं, नाही. तू त्याच्यावर जीव लावलास. तुला कुणी सांगितलं नव्हतं. हे मी तिच्यासाठी म्हटलं आणि मला ते मनापासून वाटतंही. पण तिनं जो जीव लावला तो कुणाला लाडू आणि कुणाला कांदा असा मोजून लावला, हेही मला वाटतं. दोन्ही खरं आहे आणि मी दोन्ही लिहिणार.

फिलोमिना रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की भाजी घेऊन यायची. ती आणि आई मिळून माठ निवडत बसायच्या आणि आपापल्या घरातल्या साखरेची माणसं एकमेकींना सांगायच्या. दत्ता आमच्याबरोबर वालीव नाक्यापर्यंत चालायला लागला. पहिले काही दिवस तो मध्येच कठड्यावर बसायचा. एकदा असाच बसलेला असताना म्हणाला, "ताई, त्यो लाडू तुला पायजे हुता व्हय गं, फाट्यावर?" मी म्हटलं, "हो रे. खूप." तो उठून चालायला लागला.

यंदाच्या जत्रेला मी नवस फेडला. पारड्यात बसले, मांडी घालून, ऐसपैस, चांगली साडी नेसून. ज्वारी दत्तानं ओतली. आमच्याच रानातली, बांधाकडेच्या तुकड्यात त्यानं ऊस काढून पुन्हा पेरलेली. पोतं रिकामं झालं, पारडं हललं नाही. दुसरं आणलं. लोक बघत होते. कुणीतरी म्हणालं, "अजून लागंल रं!" मी म्हटलं, "लागू दे. ओत, दत्ता." तो ओतत राहिला, मी वर उचलली गेले, आणि लिंबाच्या फांदीपाशी बसून मी माझं सगळं गाव वरून बघितलं. लहानपणी उतरवलं होतं ना मला? आता कुणाची उतरवायची हिंमत नव्हती. त्या ज्वारीच्या भाकऱ्या आणि घेवड्याची आमटी, हाच यंदा सगळ्या गावाला प्रसाद होता. ज्यांना आवडला नाही त्यांनीही खाल्ला, कारण प्रसादाला नाही म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी ठेवायला मी दत्ताला लावलं. बारीक असतील त्यांनी आधी या, असं त्यानंच माईकवरून सांगितलं.

तुमचं घर कुठलं, असं मला कंपनीत नवीन आलेली मुलं विचारतात. पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे, मग काही वर्षं वसई सांगायला लागले. आता मला वाटतं, बाबांची हाडं घेऊन मी जिथे पाठ ताठ ठेवून जेवू शकते ते माझं घर. वसईतलं माझं स्वयंपाकघर तसं आहे, ते मी तसं करून घेतलंय. गावाचं मात्र मला इतकी वर्षं सांगता येत नव्हतं.

निघायच्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा फाट्यावर उभे होतो. दत्तानं माझी पिशवी घेतली होती, मोटरसायकल घरी ठेवून चालत आला होता. आईनं फडकं सोडलं. भाकरी, ठेचा, कांदा, तेच सगळं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, त्याला ठेचा लावला आणि तिथे, भर रस्त्यात, माझ्या तोंडात घातला. मग दुसरा मोडला. माझे डोळे भरले, ते ठेच्यानं असं मी दत्ताला सांगितलं. रस्त्यापलीकडे धुरपाकाकू उभी होती. ती हसून काहीतरी म्हणायला गेली, "अगं मंगल, किती ते..."

आईनं मान वर केली नाही. तिसरा घास मोडत ती म्हणाली, "गप ऱ्हा, धुरपे. माझी लेक जेवतीया."